लग्नानंतर हप्ता कोण भरणार?

मराठी कथा-कादंबरीतल्या स्त्रीच्या घुसमटीबद्दल बोलताना आपण एका पारड्यात परंपरा टाकतो, दुसऱ्यात आधुनिकता, आणि काटा कुठे झुकतो ते पाहतो. बदलापूरच्या खरवईत राहायला आल्यापासून मला ही मांडणी पटेनाशी झाली आहे.

इथे जुनं गावठाण, एमआयडीसीतले कारखाने आणि नव्या सोसायट्या हाकेच्या अंतरावर आहेत. सोसायटीतल्या नोकरदार बायका मंगळागौरीला शिवलेली नऊवारी चढवतात. चेन ओढली की झालं. गावठाणातल्या आजींनी लुगड्याचा काचा मारून जन्मभर भाताची लावणी केली. त्यांच्या लेखी ते कामाचे कपडे होते. त्यांची नात जीन्स घालून सकाळची लोकल पकडते आणि हरितालिकेचा उपवास मात्र चुकवत नाही. यातली परंपरेची कोण आणि आधुनिक कोण? कपड्यांवरून किंवा सणावरून काहीच कळत नाही. कळतं ते दोन गोष्टींवरून: बाईचा वेळ कुणाचा आणि बाईचा पैसा कुणाचा.

परतीच्या गाडीत, महिलांच्या डब्यात, कल्याण सुटलं की मांडीवर मेथी निवडली जाते. देठं एका पिशवीत, पानं दुसरीत. मध्येच घरी फोन जातो, ‘कुकर लावून ठेव.’ नोकरीने या बाईचा घराबाहेरचा दिवस बदलला, घरातला होता तसाच राहिला. ‘बायका सगळं सांभाळतात’ असं कौतुक ऐकलं की मला राग येतो, कारण त्या कौतुकात कुणी मेथी निवडायला पुढे येत नाही.

ह. ना. आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मधल्या यमूला आपला वेळ आणि पैसा कुणाचा, हा प्रश्न पडायची सोयच नव्हती. १८९०च्या सुमारास ‘करमणूक’मधून तिची कहाणी क्रमशः येऊ लागली; वैधव्य आणि केशवपन यांपुढे तिच्या मर्जीला कोण विचारणार? पण १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं आणि प्रश्नच बदलला. विभावरी शिरूरकर हे लेखिकेचं टोपणनाव. लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकर महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत शिकलेल्या. त्यांच्या कथांमधल्या मुली शिकलेल्या आहेत, मिळवत्या आहेत आणि तरीही अडकलेल्या आहेत. मुलीच्या पगारावर घर चालायला लागलं की तिच्या लग्नाचा विषय मागे पडतो. त्यातल्या एका कथेचं नावच ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ असं आहे. मराठीत हे इतक्या स्पष्टपणे आधी कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. पुस्तकावरून वादळ उठलं ते उगाच नाही.

पुढे त्याच कर्व्यांच्या नात गौरी देशपांडे यांनी प्रेम, लग्न आणि एकटेपण यांचा हिशेब स्वतः मांडणाऱ्या नायिका लिहिल्या. ‘एकेक पान गळावया’ मी पुनःपुन्हा वाचते. पण त्यांच्या बहुतेक नायिकांना विचार करायला निवांतपणा आहे, निघून जायला जागा आहे. आमच्याकडच्या बाईला विचार करावा लागतो तो गाडीत उभ्याने, आणि निघून जायची जागा म्हणजे घराच्या कर्जाचे उरलेले हप्ते. म्हणून खरवईतून मला गौरीबाईंपेक्षा विभावरीबाई जवळच्या वाटतात, मध्ये इतकी वर्षं उलटून गेली तरी.

फरक पडला आहे, तोही सांगायला हवा. आमच्या इमारतीतली एक मुलगी ठाण्याला नोकरी करते. आईवडिलांसाठी वन बीएचके घेतलं, कर्ज तिच्याही नावावर. स्थळ सांगून आलं, मुलगा तिला आवडला. बैठकीत मुलाच्या काकांनी विचारलं, ‘लग्नानंतर हप्ता कोण भरणार?’ तिचे वडील मान खाली घालून बसले. ती म्हणाली, ‘मीच. पगार माझा आहे, काका. तुमच्याकडच्या खर्चातला माझा वाटाही मी देईन.’ तिची आई नंतर माझ्याकडे येऊन रडली, मुलगी फार पुढे बोलली म्हणून. मुलगी बाबांचा संसार टाकायलाही तयार नाही आणि त्यापायी स्वतःचं लग्न लांबवायलाही तयार नाही. १९३३च्या मुलींना या दोन्ही गोष्टी एका दमात म्हणता आली नसती. मुलाकडच्यांनी विचार करून कळवतो म्हणून सांगितलं आहे. मुलगा मात्र तिला रोज फोन करतो, आणि परवा त्याने विचारलं की हप्ता नेमका किती आहे.