शस्त्रक्रियेची आदली रात्र

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री रोग्याला भय वाटले, तर ती त्याच्या निष्ठेची उणीव समजावी काय? चाळीस वर्षे कीर्तनात देहाच्या नाशिवंतपणाचे निरूपण करताना हा प्रश्न आम्हांला पडला नाही. इ. स. २०२३ च्या मार्गशीर्षात पित्ताशयातील खड्यांकरिता इस्पितळात राहावे लागले, तेव्हा पडला.

भेटीस आलेले भाविक म्हणाले, "महाराज, तुम्हांला कसली आलीय भीती!" झाले, आमचे तोंडच बंद. आत मात्र एकच घोकणी : भुलीतून जाग आलीच नाही तर? हे नुसते मरणाचे भय नव्हे. देह परक्याच्या हाती, आपण बेशुद्ध, त्या वेळी मुखी नामही येणार नाही, याची धास्ती अधिक.

सायंकाळी भुलीचे डॉक्टर आले. शेजारच्या खाटेवरील शेतकऱ्याने सरळ विचारले, "सायेब, मधीच जाग आली तर?" डॉक्टर हसले नाहीत. खाटेशी बसून म्हणाले, असे क्वचितच घडते; नाडी, श्वास, रक्तदाब यांवर सारा वेळ यंत्राची व माझी नजर असते. सहा तास आधी अन्न बंद का, तेही सांगितले. भुलीत घशाची राखण सुटते व पोटातले फुप्फुसात जाऊ शकते. (सुश्रुताने, काही रोग वगळता, शस्त्रकर्मापूर्वी रोग्यास जेवू घालावे, मद्याची सवय असल्यास तीक्ष्ण मद्य पाजावे, असे सांगितले आहे. त्या काळी भय शस्त्राचे होते. १८४६ साली बोस्टनला ईथरची भूल जाहीरपणे दाखविली गेली, आणि पुढे आमच्यासारख्यांना भय उरले ते झोपेचे!)

गीतेत अर्जुनाचे अंग कापले, गांडीव गळाले. भगवंतांनी आधी दटावले खरे, पण तेवढ्याने भागले नाही. अठराव्या अध्यायापर्यंत त्याच्या शंका ऐकून घ्याव्या लागल्या. आणि आम्ही? किती रोग्यांच्या उशाशी "भिऊ नका, नाम घ्या" म्हणून, अंगारा लावून, दोन मिनिटांत उठलो असू! नाम घ्यावेच. पण त्यांना काय विचारायचे होते, ते आम्ही कधी ऐकलेच नाही.

डॉक्टर आमच्याकडे वळले. "आणि तुम्हांला, महाराज?"

"वाटते भीती," आम्ही म्हणालो, आणि जाग येण्याचा तो प्रश्न विचारून टाकला.

डॉक्टर गेल्यावर शेतकरी म्हणाला, "बरं झालं महाराज, म्या म्हटलं मी एकलाच हाय." आणि कुशीवर वळून थोड्याच वेळात घोरू लागला.