वाट्याची रास

स्वित्झर्लंडच्या वॅले प्रांतातील त्योर्बेल या डोंगरी गावी सरपण वाटण्याची एक जुनी वहिवाट आहे. रखवालदाराने खूण केलेली झाडे हक्कदार कुटुंबांनी मिळून तोडावयाची, ओंडके ओढून आणून त्यांच्या होता होईल तो सारख्या राशी रचावयाच्या आणि मगच चिठ्ठ्या टाकून कोणती रास कोणाची हे ठरवावयाचे. आपल्या वाट्यास कोणती रास येईल हे रचणाऱ्यास ठाऊक नसल्यामुळे त्याचा हात आपोआप सरळ चालतो. याच गावाने १५१७ साली असाही निर्बंध घातला की, स्वतःच्या वैरणीवर हिवाळ्यात जितक्या गाई पोसता येतील त्याहून अधिक गाई कोणी सामाईक कुरणावर धाडू नयेत. ही काही समता नव्हे. ज्याची गवताची जमीन अधिक त्याच्या गाई अधिक, हे उघड आहे. तरीही गावाने ते न्याय्य मानले, कारण ते माप प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे होते.

१९६८ साली गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने सामाईक कुरणाचा नाश अटळ ठरविला, तेव्हा त्याच्या कल्पनेतील गुराखी एकमेकांशी चकार शब्द बोलत नव्हते, ही गोष्ट मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. ज्याने कधी गावकीची बैठक पाहिली आहे त्याला अशा मुक्या गुराख्यांवर विश्वास ठेवणे कठीण जावे. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने १९९० च्या आपल्या ग्रंथात त्योर्बेलसारख्या गावांचे दाखले देऊन दाखविले की, शेजारीही हात आवरीत आहे अशी खात्री पटली म्हणजे माणूस आपली कुऱ्हाड खाली ठेवतो. दंडाचे भय त्या खात्रीचा केवळ पहारा करते.

परंतु बैठकीत कोण बसते, हाही प्रश्न आहेच. बीना अगरवाल यांनी आपल्याकडील व नेपाळातील वनसमित्यांचा अभ्यास करून दाखविले आहे की, पुरुषांनी एकमताने जंगल बंद करावे आणि चुलीच्या काटक्यांसाठी कोसभर अधिक पायपीट मात्र त्या बैठकीत नसलेल्या स्त्रीने करावी, असे वारंवार घडते. अशी स्त्री चोरून लाकूड आणते, तेव्हा तिला गुन्हेगार म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने येथे निराळा मार्ग धरला. तेथे ग्रामसभेचा निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असला तर विषय पुन्हा चर्चेस ठेवावयाचा. कामाचा खोळंबा होतो खरा, पण ज्याच्यावर त्यागाचा बोजा पडणार त्याच्या तोंडून होकार आल्याखेरीज बंदी लागत नाही. गावाने आपसांतला न्याय असा साधला, तरी सरकारशी असलेला हिशेब बाकीच होता. ज्या बांबूसाठी गावकऱ्याला जाब द्यावा लागे, तोच बांबू कागदाच्या कारखान्याला सवलतीच्या दराने मिळत असे. अशा स्थितीत गावकऱ्याने संयम कोणासाठी पाळावयाचा? २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मेंढ्याला मिळाला. पण बांबू वाहून नेण्याचा परवाना देण्याचा अधिकार वनखात्याच्या दफ्तरातच राहिला. त्या परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडावयास २०११ चा एप्रिल उजाडावा लागला, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्र्यास जातीने गावी यावे लागले.