नजरेचे पैसे

मागच्या पावसाळ्यात एका रात्री साडेदहा वाजता मी आमच्या घड्याळजींना अकरा फोटो पाठवले. तीन जुनी एचएमटी घड्याळं ऑनलाइन विक्रीला होती, दोन ‘जनता’ आणि एक ‘पायलट’. खाली एवढंच लिहिलं, “अण्णा, यातलं कुठलं घेऊ?” सकाळी आठच्या आत उत्तर आलं. पहिल्याची डायल नव्याने रंगवलेली आहे, दुसऱ्याचे काटे त्याचे नाहीत, तिसरं बरं दिसतंय; पण मशीन बघितल्याशिवाय खात्री देता येणार नाही. मी ते तिसरं, ‘पायलट’, घेतलं. हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि पुढचे पाच महिने त्यांच्या दुकानाकडे फिरकलो नाही. घड्याळ चालू होतं, मग जायचं कशाला?

गेल्या आठवड्यात ते बंद पडलं, तेव्हा गेलो. बंगळूरच्या इंदिरानगरात सीएमएच रोडला लागून असलेल्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाच्या जिन्याखाली त्यांचं टेबल आहे. इथे आता बंगल्यांच्या जागी कॅफे आणि मोठमोठ्या कंपन्यांची दुकानं आली आहेत. 2011 च्या ऑक्टोबरात याच रस्त्यावरून मेट्रो धावू लागली. तिच्या कामाच्या काळात इथल्या दुकानदारांनी केलेला विरोध जुन्या रहिवाशांना अजून आठवतो. या सगळ्यात ते टेबल टिकलं आहे. अण्णा डोळ्याला भिंग लावून काम करत होते. मी उभा राहिलो, पण यावेळी बोललो नाही. पूर्वी मी लांबूनच “अण्णा, एक मिनिट” म्हणत असे. बॅलन्स व्हीलच्या दांड्याची, म्हणजे बॅलन्स स्टाफची, टोकं जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या हिस्स्याएवढी जाड असतात, हे मला अलीकडेच कळलं. माणूस ते टोक खड्याच्या भोकात बसवत असताना आपण हाक मारली आणि तो दचकला, तर टोक मोडतं. भिंग डोळ्यावरून उतरेपर्यंत थांबावं. कोणत्याही घड्याळजीकडे जाताना एवढं तरी पाळावं.

थांबल्या थांबल्या मला त्या अकरा फोटोंची आठवण झाली आणि लाज वाटली. रंगवलेली डायल फोटोवरून ओळखणं म्हणजे काय, हे तोवर थोडं समजू लागलं होतं. पुन्हा छापलेल्या अक्षरांच्या कडा जाड होतात, मिनिटांच्या खुणा काट्याच्या टोकाशी जुळत नाहीत, नाव किंचित कलतं. हे दिसायला त्याआधी हजारो खऱ्या डायली बघितलेल्या असाव्या लागतात. मुंबईच्या बाजारात जुन्या डायली रंगवून, चार घड्याळांचे भाग एकात बसवून विकायचा धंदा इतका चालतो, की परदेशातले संग्राहक अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. अण्णांनी मला त्यातून वाचवलं, आणि मी त्यांना एक रुपयाही दिला नाही.

एचएमटी हे बंगळूरचं घरचं घड्याळ. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने 1961 मध्ये इथे कारखाना सुरू झाला आणि पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. नंतर तुमकूर, श्रीनगर, राणीबाग इथेही ती बनू लागली. आमच्याकडे महाराष्ट्रात जावयाला लग्नात, मुलाला मॅट्रिकला आणि निवृत्त होणाऱ्याला निरोप समारंभात हेच मिळायचं. माझ्या वडिलांचं ‘जनता’ आईच्या माहेरहून आलेलं होतं. 2016 च्या जानेवारीत केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. आता जालहळ्ळीला कंपनीचं संग्रहालय आहे. इंदिरानगरहून मेट्रोने मॅजेस्टिकला जावं आणि तिथून हिरवी लाइन पकडावी. पण संग्रहालयात सुटे भाग मिळत नाहीत. ते घड्याळजीच्या खणात असतात, कुणाच्या तरी बंद पडलेल्या घड्याळातून काढून डब्यांत ठेवलेले. “तुमच्याकडे एखादा असेल ना, टाका की” असं आपण सहज म्हणतो, तेव्हा जो साठा दर दुरुस्तीला घटत जाणार आहे, त्यातला भाग मागत असतो.

या विषयात मला सगळ्यात जास्त खुपतं ते नजरेच्या मोबदल्याचं. डॉक्टर तपासून म्हणाले, “काही झालेलं नाही, घरी जा,” तर आपण सुटकेचा श्वास टाकतो आणि फी देतो. घड्याळजी म्हणाला, “याला हात लावू नका, आहे तसंच ठेवा,” तर आपण घड्याळ खिशात टाकून निघतो. काम कुठे केलं त्याने? या हिशेबाचा परिणाम काय होतो ते बघा. खरं सांगणाऱ्याच्या हाती काही पडत नाही. “पूर्ण सर्व्हिसिंग लागेल, डायल पण नवी करून देतो” म्हणणारा मात्र महिन्याचं भाडं काढतो. डायली रंगवणाऱ्यांना आपण लबाड म्हणतो, पण लबाडी परवडेल आणि प्रामाणिकपणा परवडणार नाही अशी व्यवस्था गिऱ्हाईक म्हणून आपणच चालवतो. म्हणून प्रश्न विचारायला जाताना आधीच म्हणावं, “अण्णा, बघायचे किती घ्याल?” ते नको म्हणतील. पुन्हा एकदा म्हणावं.

किमतीचा प्रश्न याहून नाजूक आहे. “हे विकलं तर किती येतील?” असं आपण विचारतो, आणि समोरचा माणूस स्वतः जुनी घड्याळं विकत घेणारा असू शकतो. आजोबांचं घड्याळ घेऊन आलेल्या एखाद्या विधवेला त्याने पाचशे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी पाच हजारांना विकलं, तर तो गुन्हा कुठल्याच वहीत नोंदला जात नाही. प्रामाणिक घड्याळजीला तर या प्रश्नाने कात्रीत धरल्यासारखं होतं. कमी सांगितलं तर संशय, जास्त सांगितलं तर मालकाच्या भलत्या अपेक्षा. त्याला घड्याळाची तब्येत विचारावी. किंमत विचारायचीच असेल तर विकायचं आहे हे आधी उघड सांगावं, आणि त्यानेही आपण घेणारे आहोत की नाही हे बोलण्याआधी सांगावं. तसंच, दुसऱ्या कारागिराने केलेलं काम दाखवून “त्याने फसवलं का हो?” असं विचारू नये. काय बिघडलंय, एवढंच विचारावं.

आणि काही लपवू नये. अंधारात चमकणाऱ्या आकड्यांची फार जुनी घड्याळं, साधारण 1960 च्या दशकापर्यंतची, रेडियमच्या रंगाची असू शकतात. चमक विझते, रेडियम उरतं. ते निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. काच उतरली की तो वाळलेला रंग धूळ होऊन उडतो आणि टेबलावर वाकलेल्या माणसाच्या नाकात जातो. आजोबांचं घड्याळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं असेल, तर ते टेबलावर ठेवण्याआधी हे सांगणं आपलं काम. चाकूच्या टोकाने मागचं झाकण आपणच उचकटून पाहिलं असेल, तर तेही सांगावं.

भिंग उतरलं. मी घड्याळ पुढे केलं. त्यांनी मागचं झाकण काढलं, चिमट्याने चाक हलवून पाहिलं आणि विचारलं, “पडलं होतं का, सर?” माझ्या तोंडावर “नाही” आलं होतं. दोन क्षण गेले. म्हणालो, “हो, बाथरूममध्ये, फरशीवर.” त्यांनी मान हलवली, म्हणजे त्यांना ते दिसलंच होतं. मग भिंग माझ्या हातात दिलं आणि झाकणाच्या आतली बाजू दाखवली. तिथे सुईने कोरलेल्या बारीक खुणा होत्या, आधीच्या कारागिरांनी दुरुस्तीच्या वेळी करून ठेवलेल्या. तीन वेगवेगळे हात.

“बॅलन्स स्टाफ गेलाय,” ते म्हणाले. “माझ्याकडे दोन उरलेत. रोज घालता का?”

कपाटात याच्यासारखी आणखी सहा आहेत, हे मी सांगितलं.

“मग राहू द्या. एक आजोबा येतात, त्यांचं एकच आहे. त्यांना लागेल.” त्यांनी झाकण बसवलं, काच फडक्याने पुसली आणि घड्याळ परत दिलं.

मी बघायचे पैसे विचारले. ते हसले, नको म्हणाले. मी पुन्हा म्हणालो, आणि पावसाळ्यातल्या फोटोंचीही आठवण करून दिली. थोडा वेळ ते माझ्याकडे पाहत राहिले. मग खणातून पावती पुस्तक काढलं, कार्बन सरळ केला. काम काय केलं त्या रकान्यापाशी पेन थांबलं. शेवटी त्यांनी कन्नडमध्ये एकच शब्द लिहिला, ‘नोडिद्दक्के’, बघितल्याबद्दल, आणि पुढे शंभर रुपये.