मुक्या चाकराची कैफियत

सरकारी चाकरीत माणूस गेला म्हणजे त्याच्यामागे वारस उरतात, निवृत्तिवेतनाचे कागद उरतात आणि त्याच्या दुखण्याची हकीकत सांगणारी चार तोंडे तरी उरतात; लष्करातील वा पोलिसांतील श्वानाच्या मागे मात्र एक पट्टा, दप्तरातील एक क्रमांक आणि त्याचे कलेवर एवढेच उरत असल्यामुळे, जन्मभर ज्याला आपले दुखणे सांगता आले नाही त्याची जबानी घेण्याचा पहिला आणि अखेरचा प्रसंग शवचिकित्सेच्या मेजावरच येतो. ही जबानी नीट लिहून घेणे हे, माझ्या मते, पुष्पचक्र वाहण्यापेक्षा मोठे ऋणमोचन आहे. पुष्पचक्राशी माझे वैर नाही. 1993 च्या मुंबईत स्फोटके हुडकून काढणारा पोलिसांचा ‘झंजीर’ 2000 साली अस्थिकर्करोगाने गेला, तेव्हा त्याला वाहिलेली फुले शहराच्या कृतज्ञतेला शोभणारीच होती. परंतु पुढच्या श्वानाचे दुखणे वेळेवर ओळखावयाचे तर त्याला फुलांचा उपयोग नाही.

हे काम बाहेरून वाटते तितके सुरीचे नाही. ते बव्हंशी लेखणीचे आहे. कलेवर थंड ठेवावयाचे, पण गोठवावयाचे नाही, कारण बर्फाचे स्फटिक पेशींची अशी मोडतोड करतात की सूक्ष्मदर्शकाखाली रोगाची करणी कोणती आणि बर्फाची कोणती हे उमगेनासे होते. प्रथम कानातला गोंदलेला क्रमांक दप्तरातील क्रमांकाशी ताडून पाहावयाचा, मग वजन, मग बाह्य तपासणी, आणि त्यानंतरच सुरी. पोट फुगलेले असेल तर येथे घाई करणाऱ्याची फसगत ठरलेली. जठराला पीळ पडून मेलेला श्वान आणि मेल्यावर वायूने फुगलेला श्वान वरून सारखेच दिसतात, त्यांतला भेद पिळाच्या दिशेवरून आणि प्लीहेच्या जागेवरून कळतो, आणि तो पुरावा एकदा हात घालून विस्कटला की कोणत्याही शास्त्राला परत मांडता येत नाही. अवयवांचे तुकडे पातळ कापून त्यांच्या दसपट फॉर्मॅलिनात बुडवावयाचे, आणि कागदावर ‘यकृत बिघडलेले’ असा निवाडा न देता त्याच्या कडा बोथट होत्या, रंग पिवळट होता, कापताना सुरीला तेलकटपणा लागला, असे लिहावयाचे. पंचनाम्यातील पंच डोळ्यांनी दिसले तेवढेच नमूद करतात, निकाल देत नाहीत, तशी ही शिस्त आहे. निरोगी अवयवही निरोगी म्हणून नोंदलाच पाहिजे. कोरी जागा सोडणारा लेखक आळशी होता की त्याने तो अवयव पाहिलाच नव्हता, हे वीस वर्षांनंतर वाचणाऱ्याला कसे कळावे?

अशा नोंदींची बेरीज काय करू शकते याचे एक उदाहरण अमेरिकी लष्कराचे आहे. 1993 ते 1996 या काळात मृत झालेल्या वा दयामरण दिलेल्या 927 लष्करी श्वानांच्या कागदांची छाननी झाली, तेव्हा सांध्यांची झीज, अर्बुदे, मज्जारज्जूचे विकार आणि वार्धक्य यांच्या पंक्तीला जठराचा पीळही मृत्यूच्या प्रमुख कारणांत बसलेला आढळला. आज तेथे धडधाकट श्वानाचेही जठर आधीच पोटाच्या भिंतीला टाके घालून जखडण्याची वहिवाट आहे.

परंतु मला अधिक अस्वस्थ करते ते व्हिएतनामचे दप्तर. त्या युद्धात अमेरिकेने सुमारे 4,000 श्वान नेले. त्यांच्यात नाकातून रक्त वाहून मरण्याची एक साथ उद्भवली. ताप, कृशता, रक्तस्राव आणि अखेर अस्थिमज्जेचा ऱ्हास असा तिचा क्रम. मृत श्वानांच्या ऊतकांची आणि आजाऱ्यांच्या रक्ताची तपासणी होत होत गोचिडीने पसरणाऱ्या ‘एर्लिकिया’ या जंतूपर्यंत शोध पोचला, आणि टेट्रासायक्लिनचा उपाय हाती आला. युद्ध संपताच मात्र याच प्राण्यांपैकी बहुतेकांना शिलकी सामान ठरवून तेथेच सोडण्यात आले वा मारण्यात आले. ज्या सरकारने जिवंत श्वान परत आणण्याची तसदी घेतली नाही, त्याच सरकारच्या विकृतिशास्त्र संस्थेत मेलेल्या श्वानांचे अहवाल जतन होऊन राहिले! हा दुटप्पीपणा म्हणावा की कारकुनी इमानदारी, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही. बहुधा दोन्ही एकाच कचेरीत सुखाने नांदू शकतात.

त्या अहवालांना 1990 साली एक अगदी वेगळा प्रश्न विचारला गेला. व्हिएतनामात राहिलेल्या श्वानांत वृषणाचे ‘सेमिनोमा’ नावाचे अर्बुद इतरत्र राहिलेल्या श्वानांच्या मानाने जवळजवळ दुप्पट आढळले, आणि तेथे लढलेल्या माणसांनाही हाच धोका असावा ही शंका त्यामुळे बळावली. जंगलांवर फवारलेली तणनाशके, कीटकनाशके, नाना संसर्ग, आणि साथीवरचा उतारा म्हणून सढळ हाताने दिलेले टेट्रासायक्लिनसुद्धा, हे सारेच संशयित म्हणून उभे राहिले. त्यांतला गुन्हेगार कोण हे मेजावरच्या कागदावरून ठरेना, कारण कोणता श्वान कोणत्या ठाण्यावर किती महिने होता आणि तेथे काय फवारले गेले, हे विच्छेदकाने लिहिण्याचे काम नव्हते.

न्यूयॉर्कचे मनोरे 2001 साली कोसळल्यावर पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी ही उणीव ओळखून श्वान जिवंत असतानाच वही उघडली. ढिगाऱ्यांवर राबलेले 95 शोधश्वान आणि तेथे न गेलेले 55 श्वान यांची रक्ततपासणी, छातीची क्ष-किरण चित्रे, आणि मालकाच्या संमतीने अखेरची शवचिकित्सा, असा हिशेब शेवटच्या श्वानापर्यंत चालला. मुखवट्यावाचून ती विषारी धूळ हुंगलेल्या प्राण्यांची फुप्फुसे पोखरली असतील अशी सर्वांची अटकळ होती. 2020 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: दोन्ही गटांचे आयुर्मान जवळपास सारखेच, आणि कर्करोगाचे प्रमाणही ढिगाऱ्यावर गेलेल्यांत अधिक नव्हते.