कुरकुर

मराठीत चाकही कुरकुरतं आणि माणूसही कुरकुरतो. चाक कुरकुरलं की आपण वंगण शोधतो. माणूस कुरकुरला की त्यालाच रड्या ठरवतो. बोइंग या विमान कंपनीची गेल्या पंचवीस-तीस वर्षांची हकिकत वाचताना मला हा शब्द सारखा आठवत राहिला.

9 फेब्रुवारी 2000 रोजी तिथले सतरा हजारांच्या आसपास अभियंते आणि तंत्रज्ञ संपावर गेले. आराखड्यांवर सह्या करणारी, घोषणा द्यायची सवय नसलेली ही माणसं सिएटलच्या थंडीपावसात 40 दिवस फाटकाबाहेर उभी होती. मागण्यांत पैसा होताच: बोनस, वैद्यकीय विमा. पण आपला संप बोइंगविरुद्ध नाही, बोइंगसाठी आहे, असंही ते सांगत होते. अखेर पैशाच्या बऱ्याचशा मागण्या मान्य झाल्या. त्या दुसऱ्या वाक्याचं काय करायचं, हे मात्र करारात लिहिता येण्यासारखं नव्हतं.

झालं होतं असं, की 1997 मध्ये बोइंगने मॅक्डॉनेल डग्लस ही कंपनी घेतली आणि त्या कंपनीचे प्रमुख हॅरी स्टोनसायफर बोइंगमध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या खुर्चीवर आले. बैठकांची भाषा बदलली; खर्च आणि शेअरचा भाव आधी, विमान नंतर. जुनी बोइंग काही मायेचं माहेर नव्हती. 1970 च्या आसपास तिनेही हजारो माणसांना घरी बसवलं होतं. तरी 1995 मध्ये सेवेत आलेलं 777 हे विमान घडवताना अ‍ॅलन मुलाली या अभियंत्याच्या हाताखाली आराखडा काढणारे, जोडणी करणारे आणि विमान विकत घेणारे एकत्र बसत, आणि अडचण लवकर सांगणं हे कामच मानलं जाई. अभियंत्यांना नेमकं हेच हातातून निसटताना दिसत होतं. संपानंतर वर्षभराने, मे 2001 मध्ये, मुख्यालय शिकागोला नेण्याची घोषणा झाली. कारखान्यापासून सुमारे 2,800 किलोमीटर दूर! तिथून कुरकुर ऐकू येणार कशी?

नाराजीचा हिशेब पगाराच्या भाषेत मांडणं व्यवस्थापनाला सोपं जातं, कारण पगाराला आकडा असतो. ‘पूर्वी आमचं ऐकलं जायचं’ या तक्रारीला आकडा नाही, म्हणून ती हळवेपणाच्या खात्यात जाते. मला हे फार घातक वाटतं. बदलाला नुसता कंटाळून विरोध करणारेही असतात, मान्य. पण ज्याला काम मनापासून येतं, त्याची नाराजी बहुतेक वेळा कामाविषयीच असते.

जून 2018 मध्ये रेंटन इथल्या 737 च्या कारखान्यातले वरिष्ठ व्यवस्थापक एड पिअरसन यांनी वरिष्ठांना लिहिलं, की माणसं थकली आहेत, सुटे भाग वेळेवर येत नाहीत, उत्पादन थांबवा. आपल्या कुटुंबाला बोइंगच्या विमानात बसवायला आयुष्यात प्रथमच मन कचरतंय, असंही कळवलं. उत्पादन थांबलं नाही. उलट त्याच सुमारास महिन्याला 47 विमानांचे 52 करण्याची धडपड चालू होती. ऑक्टोबरमध्ये इंडोनेशियात आणि मार्च 2019 मध्ये इथिओपियात 737 मॅक्स कोसळलं. 346 माणसं गेली.

या अपघातांचं मुख्य कारण पिअरसन सांगत होते ते नव्हतं. विमानाचं नाक आपोआप खाली दाबणारी एक प्रणाली एकाच संवेदकाच्या भरवशावर ठेवली होती, आणि पहिल्या अपघातापर्यंत वैमानिकांच्या पुस्तिकेत तिच्याबद्दल सांगितलंच नव्हतं. म्हणून पिअरसन यांचं ऐकलं असतं तर अपघात टळले असते, असा दावा मी करणार नाही. मला खुपतं ते एवढंच, की आराखड्याच्या टेबलापासून जोडणीच्या पट्ट्यापर्यंत ‘थांबा’ म्हणणाऱ्याचं वजन घटलं होतं.

5 जानेवारी 2024 रोजी अलास्का एअरलाइन्सच्या नव्याकोऱ्या मॅक्सच्या भिंतीतला दाराएवढा तुकडा हवेत उडून गेला. सुदैवाने कुणी दगावलं नाही. चौकशीत निघालं, की रिव्हेट दुरुस्त करण्यासाठी तो तुकडा रेंटनमध्ये काढला गेला होता आणि परत बसवताना त्याचे चार बोल्ट लावायचे राहिले. तुकडा काढल्याची कागदोपत्री नोंदच नव्हती, त्यामुळे बोल्ट तपासायलाही कुणी गेलं नाही.