इशारा कोणाच्या भाषेत?

धोक्याची सूचना भिंतीवर लावली म्हणजे आपले कर्तव्य पुरे झाले काय? की ती समोरच्या माणसाला उमजेपर्यंत ते अपुरेच राहते?

१९८४ च्या २ व ३ डिसेंबरमधील रात्री भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट वायू बाहेर पडला व हजारो माणसे मृत्युमुखी पडली. भोवतालच्या वस्त्यांना आत काय साठविले आहे याची कल्पना नव्हती. ओले फडके नाकातोंडावर धरावे, एवढी साधी गोष्टही त्यांना कोणी सांगितली नव्हती. लोक जीव घेऊन धावले, आणि धावताना अधिकच विष त्यांच्या छातीत गेले. कारखान्यातील कामाच्या पुस्तिका इंग्रजीत होत्या, तर पुष्कळ कामगारांना इंग्रजीचे ज्ञान बेताचेच होते. माहिती होती; पण ज्यांच्या जिवाशी तिचा संबंध होता त्यांच्यापर्यंत ती पोहोचली नव्हती.

१९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. घातक रसायनांची माहिती कामगारांना व आसपासच्या जनतेला देणे मालकावर बंधनकारक झाले. परंतु माहितीचा कागद हाती देणे निराळे आणि ती समजेल असे करणे निराळे.

कोणी म्हणेल, सारे सांगितल्यास लोक भयभीत होतील. पण जिवाची जोखीम ज्याची, ती जाणण्याचा अधिकारही त्याचाच. त्याच्या अज्ञानावर आपली सोय उभारणे हा अन्यायच होय. यहेज्केलाच्या ग्रंथातील पहारेकऱ्याची जबाबदारी आपणांस ठाऊक आहे. संकट पाहून जो गप्प राहतो, त्याच्याकडे नगरवासीयांच्या रक्ताचा जाब मागितला जातो. मग लोकांना न समजेल असा इशारा देणारा पहारेकरी सुटेल काय?

हा प्रश्न केवळ कारखानदारांचा नव्हे. आपल्या शाळांत, इस्पितळांत, घरांत शौचालय धुण्याचे आम्ल व ब्लीचिंग पावडर शेजारीशेजारी ठेवलेली असतात. ती एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो. बाटलीवरील बारीक अक्षरे सफाई करणाऱ्या बाईंना वाचता येतात काय, हे आपण कधी विचारले आहे काय?

तेव्हा त्यांच्या भाषेत सांगा, करून दाखवा, आणि त्यांच्याच शब्दांत ते परत ऐका. त्यात काही चुकले, तर पुन्हा सांगा. तोवर आपले काम पुरे झालेले नाही.