संयम आणि दडपणूक

इंद्रिये आवरून मनात विषय घोळवणारा मिथ्याचारी; इंद्रियांना मनाने आवरून कर्म करणारा श्रेष्ठ, असे गीतेचा तिसरा अध्याय सांगतो. हा भेद पुण्यातल्या दाट वस्तीत गिटार ध्वनिमुद्रित करताना कानांना कळतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. ती पाळायला ट्यूब अँपचा मास्टर व्हॉल्यूम उतरवला, की पॉवर ट्यूबवर जोर येत नाही आणि सूर पोकळ होतो. अँप आणि स्पीकर यांच्यामध्ये ८ ओहमच्या आउटपुटला ८ ओहमचा ॲटेन्युएटर, म्हणजे शक्ती शोषणारे उपकरण, जोडला, तर ट्यूब पूर्ण ताकदीने चालतात; जास्तीची शक्ती उष्णता होऊन निघून जाते.

कोणी म्हणेल, मंद आवाजात स्पीकर आणि कान वेगळे वागतात, सूर तोच राहत नाही. खरे आहे, म्हणूनच ध्वनिमुद्रण ऐकून बास-ट्रेबल पुन्हा लावावे लागतात. संयमालाही अशी किंमत असतेच. पण दडपणूक ऊर्मीच मारते. संयम ती जिवंत ठेवून शेजाऱ्याची झोप जपतो.